रांजणवाडीवरचा शेक, टर्किश टॉवेलवालीकडून

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टर्किश टॉवेलच्या कारखान्यात मी चेकिंगला आहे, एकोणीस वर्षं झाली. टॉवेल उजेडात धरायचा, तुटका धागा, तेलाचा डाग, सुटलेला लूप शोधायचा आणि खराब निघाला की सेकंडच्या ढिगात टाकायचा. म्हणजे पोट डोळ्यांवरच. त्याच डोळ्यांवर मागे एका वर्षात मला पाच रांजणवाड्या आल्या. तीन डाव्या, दोन उजव्या. चुकीचं म्हणून जे काही करता येतं ते पहिल्या तिघींवर करून झालं, चौथीला डॉक्टरांकडे गेले आणि पाचवीला काय करायचं ते कळलेलं होतं. आता कारखान्यात कुणाची पापणी सुजली की जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे पाठवतात, "अक्का, बघा की जरा, काय झालंय." मी डॉक्टर नाही. डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमनी मला समजावलं ते आणि मी स्वतः करून बघितलं तेवढंच सांगते.

आधी, ती रांजणवाडीच आहे का?

पहिल्या दिवशी काही दिसत नाही. डोळ्यात कचरा गेल्यासारखं खुपतं. आमच्याकडे कापसाची धूळ सारखी उडत असते, त्यामुळे आम्ही बायका डोळा धुतो आणि कामाला लागतो. खूण अशी की डोळा धुऊनही खुपणं जात नाही, आणि स्वच्छ बोटाने पापणीच्या कडेवरून हलकेच गेलं की एकाच जागी 'आई गं' होतं. बाकी पापणी ठीक, तेवढाच एक ठिपका दुखरा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिथे लाल फुगवटा येतो, मग केसाच्या मुळाशी पिवळं टोक दिसायला लागतं. चार-पाच दिवसांत ते आपोआप फुटतं किंवा जिरतं. आठवडा-दहा दिवसांत सगळं निवळतं.

आत काय होतं ते मॅडमनी सांगितलं ते असं. पापणीच्या केसांच्या मुळाशी बारीक तेलग्रंथी असतात. त्यांचं तोंड बुजलं आणि त्वचेवर एरवीही असणारे स्टॅफिलोकोकस जंतू आत अडकले की पू होतो. म्हणजे तो एक छोटा फोडच, जागा तेवढी अडचणीची. पापणीच्या आतल्या बाजूलाही तेलग्रंथी असतात, वरच्या पापणीत २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. त्यांच्यापैकी एखादी पिकली तर रांजणवाडी आतून येते. ती जास्त ठणकते, टोक बाहेर दिसत नाही, अख्खी पापणी जड होते. माझी चौथी तसलीच होती.

रांजणवाडी समजून माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्यांना भलतंच काहीतरी असतं. पापणीत मसुराएवढी गाठ आहे, हात लावला तर सरकते, पण दुखत नाही आणि महिना झाला तशीच आहे, तर ती रांजणवाडी नव्हे. ग्रंथीतलं तेल अडकून गोठलं की ही गाठ होते. डॉक्टर तिला कॅलॅझिऑन म्हणतात. कधी रांजणवाडीचा ठणका जातो आणि मागे अशी गाठ उरते. डोळ्याचा पांढरा भागच लाल झालाय, सकाळी पापण्या चिकटतायत, एकाचं झालं की दुसऱ्या डोळ्याचं सुरू, तर ते डोळे येणं. नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली सूज आहे आणि डोळ्यातून सारखं पाणी गळतंय, तर ती अश्रूंची पिशवी सुजलेली असू शकते. तिथे शेकत बसू नका, दाखवा. एका रात्रीत पापणी फुगली, खाज भरपूर पण दुखत नाही, तर बहुतेक किडा चावलाय नाहीतर कशाची तरी ॲलर्जी आहे. आणि कपाळावर एकाच बाजूला आग होऊन पाण्याचे फोड आले असतील, पापणीवरही उतरले असतील, तर ती नागीण असते. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, कारण ती डोळ्यात उतरू शकते.

आणि हो, रांजणवाडीवाल्याच्या डोळ्यांत बघितलं म्हणून आपल्याला येत नाही. पॅकिंगच्या टेबलावर एकमेकींकडे पाठ करून बसणाऱ्या बायका मी बघितल्यात! बघून काही होत नाही. पण तिच्या पुवाचा हात किंवा टॉवेल आपल्या डोळ्याला लागू द्यायचा नाही, एवढं मात्र पाळायचं.

शेक

औषध एकच, आणि ते फुकट आहे. शेक. पण शेक म्हणून लोक जे करतात ते बहुतेक वेळा शेक नसतंच. गरम पाण्यात रुमाल बुडवला, पिळला, डोळ्यावर अर्धा मिनिट ठेवला, 'थंड झाला' म्हणून बाजूला टाकला. दिवसातून एकदा. त्याने काय होणार?

थंडीत तूप थिजतं ना, ग्रंथीतलं तेल तसंच घट्ट झालेलं असतं. ते पातळ व्हायला ऊब तिथे टिकायला लागते, सलग दहा मिनिटं. पंधरा झाली तर उत्तम. दिवसातून चार वेळा. पातळ सुती रुमाल मिनिटभरात गार होतो. आणि इथे मी माझ्या धंद्यातलं सांगणार, थांबवू नका.

सोलापूरच्या चादरीबरोबर इथल्या टर्किश टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. त्याच्या अंगावर जे लूप असतात ते पाणी धरून ठेवतात, आणि पाण्याबरोबर ऊबही. म्हणून शेकाला टर्किशचा छोटा नॅपकिन घ्या, बारा इंची चौकोनी, ज्याला आम्ही फेस टॉवेल म्हणतो. पांढराच घ्या, गडद नव्या टॉवेलचा रंग गरम पाण्यात सुटतो. आणि दुकानातून आणला तसाच वापरू नका. नव्या टॉवेलला मऊपणासाठी रसायन लावलेलं असतं त्यामुळे तो पाणी पीत नाही, पाणी वरून घरंगळतं. दोन-तीनदा धुऊन काढा, मग तो खरा पाणी प्यायला लागतो. गिऱ्हाईक तक्रार करतं की टॉवेल पाणी शोषत नाही, आणि आम्ही म्हणतो, अहो आधी धुवा तरी!

पाणी उकळून घ्यायचं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, बॅरलमध्ये साठवलेलं असतं, ते तसंच डोळ्याला लावायचं नाही. उकळलं की कोमट होऊ द्यायचं. किती गरम? मनगटाच्या आतल्या बाजूवर ओतून बघा. अंघोळीला आवडेल एवढं, साधारण ४० अंश. 'सोसतंय' म्हणजे जास्त झालं. पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ कातडी, ती भाजली की रांजणवाडी परवडली असं होतं. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी एवढं तापतं की चूल पेटवायलाच नको, असं आमचा धाकटा म्हणतो. तापतं खरं, पण ते उकळलेलं नसतं.

हात साबणाने धुवा. नॅपकिन बुडवून पिळा, चार पदरी घडी करा, डोळा मिटून पापणीवर ठेवा. दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. दीड-दोन मिनिटांनी घडी उलटायची, आतली बाजू अजून गरम असते. ती गार झाली की पुन्हा बुडवायचा. पाणी गार होत असेल तर थर्मासमधून थोडं ओतत राहायचं. मी थर्मास कारखान्यात घेऊन जायचे आणि जेवणाच्या सुट्टीत भाकरी आधी, शेक नंतर. घड्याळ लावून बसा, अंदाजाने दहा मिनिटं कधीच होत नाहीत. चारच होतात. एक शेक उठल्या उठल्या, एक दुपारी, एक संध्याकाळी कामावरून आल्यावर, एक झोपताना.

शेक झाला की तो नॅपकिन साबणाने धुऊन उन्हात. उन्हाची आपल्याकडे ददात नाही. दुसऱ्या कुणी तो वापरायचा नाही, आणि दोन्ही डोळ्यांना एकच बाजू लावायची नाही.

तव्यावर फडकं तापवून कोरडा शेक देतात, किंवा उकडलेलं अंडं रुमालात बांधून फिरवतात. अंड्याची ऊब टिकते हे खरं, पण ते बाहेरून जेवढं वाटतं त्याहून आत गरम असतं. माझ्या शेजारणीची पापणी अशीच भाजली. मी ओल्या नॅपकिनवरच आहे.

दुखणं फारच असेल तर पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी मोठ्या माणसाला चालते. लिव्हरचा त्रास असेल किंवा इतर औषधं चालू असतील तर आधी विचारा.

हे करू नका. मी केलंय.

पहिली रांजणवाडी गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या वेळची. उद्या अक्षता सोहळा आणि आज डोळ्यावर पिवळं टोक. पाहुणे येणार, फोटो निघणार. रात्री आरशासमोर उभी राहिले आणि दोन नखांनी फोडली. जरासं काहीतरी निघालं, बरंही वाटलं. सकाळी डोळा उघडेना. मिरवणुकीतले सातही नंदीध्वज एका डोळ्याने पाहिले आणि फोटोत मी पदराआडच आहे. पिळल्यावर पू बाहेर येतो तसा आतही पसरतो, आणि डोळ्याभोवतीच्या शिरा मेंदूजवळच्या शिरांना जोडलेल्या असतात, हे मला नंतर कळलं. सुईने टोचणंही तेच. पिकलेल्या टोकाजवळचा केस काढला की पू वाट काढतो हे खरं, पण तो केस डॉक्टर काढतात, आपण चिमट्याने नाही.

दुसऱ्या वेळी औषधाच्या दुकानात जाऊन "डोळा सुजलाय, काहीतरी द्या" म्हटलं. थेंब मिळाले, दोन दिवसांत लाली उतरली, मी खूश. मग तेच थेंब उरलेले म्हणून तिसऱ्या वेळीही घातले. पुढे मॅडमनी बाटली बघितली आणि कपाळाला हात लावला. त्यात स्टेरॉइड होतं. लाली उतरते, पण असे थेंब मनाने घालत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येतो. साध्या रांजणवाडीला बहुतेक वेळा अँटिबायोटिक थेंबांचीही गरज नसते. मलम लागलंच तर डॉक्टर लिहून देतात, आणि ते किती दिवस लावायचं तेही.

आता आत्या. सासूबाईंना आम्ही आत्याच म्हणतो. त्यांचा उपाय असा की बोट तळहातावर जोरात घासायचं आणि तापलेलं बोट पापणीवर टेकवायचं, सात वेळा. मॅडम हसल्या, म्हणाल्या शेकच आहे तो, फक्त दोन सेकंदांचा. हात धुतलेले असतील तर नुकसान नाही. पण त्या लवंगही उगाळून लावतात. लवंग झोंबते, आणि पापणी मिचकावली की डोळ्यात जाते. लसूण चोळायचा नाही, कातडी भाजते. आणि चुना तर बिलकुल नाही. आमच्या वस्तीत पानतंबाखूमुळे घरोघरी चुन्याची डबी असते आणि अंगावरच्या फोडाला चुना लावायची जुनी सवय आहे. डोळ्याजवळ चुना म्हणजे आगीशी खेळ. चुकून डोळ्यात गेलाच तर ताबडतोब स्वच्छ पाण्याची धार धरा, किमान वीस-तीस मिनिटं, वरची पापणी उचलून आतपर्यंत. मग थेट डोळ्यांचा दवाखाना. आधी चौकशा करत बसू नका, आधी पाणी.

रांजणवाडी असेपर्यंत काजळ नाही, लायनर नाही. जुनी काजळाची कांडी फेकून द्या, तिच्या टोकावर तेच जंतू बसलेले असतात. माझी थोरली कॉलेजात लेन्स लावते, तिला मी पूर्ण बरं होईपर्यंत चष्म्यावर ठेवलं होतं. रुसली, पण ठेवलं.

कधी शेकत बसायचं नाही

दोन दिवस नीट शेकूनही सूज कमी व्हायच्या ऐवजी वाढतेय, किंवा दोन आठवडे झाले तरी गेली नाही, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि खालचं काही दिसलं तर दोन दिवसही थांबू नका. लाली पापणीवरून गालावर किंवा भुवईवर सरकतेय. ताप आलाय. डोळा उघडतच नाही. नजर धूसर झालीय किंवा एकाचे दोन दिसतायत. डोळा फिरवताना आत दुखतंय. बुबुळ पुढे आल्यासारखं वाटतंय. यातलं काहीही असेल तर संसर्ग पापणीपुरता राहिलेला नसतो, डोळ्यामागे गेलेला असू शकतो. रात्र असली तरी निघायचं. आपल्याकडे सिव्हिलला चोवीस तास तातडीचा विभाग आहे. लहान मुलांत तर अजिबात वाट बघायची नाही, त्यांच्यात हे पटकन पसरतं.

माझी चौथी आतली होती. दहा दिवस शेकूनही तिची गाठ राहिली आणि नजरेवर दाब यायला लागला. तेव्हा ती काढावी लागली. मी घाबरले होते म्हणून मुद्दाम सांगते. डोळ्यात बधिर करणारे थेंब घातले, पापणीत छोटं इंजेक्शन दिलं. ते इंजेक्शन टोचतं, खोटं कशाला बोलू. मग पापणी उलटी करून आतल्या बाजूने चीर देऊन साफ केलं. दहा-पंधरा मिनिटांत झालं. टाका नाही, चेहऱ्यावर व्रण नाही. संध्याकाळपर्यंत पट्टी, दुसऱ्या दिवशी कामावर.

परत परत येत असेल तर

एकदा आली तर आली. पण वर्षात दोन-तीनदा आली तर कारण पापणीतच असेल असं नाही. मॅडमनी माझी पापणी मोठ्या भिंगाखाली बघितली आणि विचारलं, "डोक्यात कोंडा आहे का?" होता. पापण्यांच्या कडेलाही तसाच बारीक कोंडा असतो, केसांच्या मुळाशी पांढरे कण चिकटतात आणि ग्रंथींची तोंडं बुजवतात. त्यावर रोज रात्री पापण्या साफ करायला सांगितलं. अर्धा कप उकळून कोमट केलेलं पाणी, त्यात बाळाच्या शाम्पूचे दोन-तीन थेंब. कापसाची काडी बुडवायची, डोळा मिटून केसांच्या मुळांवरून आडवी फिरवायची, मग साध्या कोमट पाण्याने धुवायचं. एका डोळ्याला एक काडी. दोन मिनिटांचं काम आहे, पण रोज करायला कंटाळा येतो. मी चादरीवर पडल्यावर आठवण येते आणि परत उठते.

मग त्यांनी रक्त तपासायला लावलं. साखरेचा आणि डोळ्याचा काय संबंध, असं मला वाटलं. साखर जास्त असली की जंतूंशी लढायची अंगाची ताकद कमी पडते, म्हणून फोड वारंवार येतात. तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीएवनसी ६.५ किंवा त्याच्या वर गेली की मधुमेह. माझी ७.९ आली. एकोणीस वर्षं सेकंडचे टॉवेल पकडणारी मी, स्वतःची साखर मला एका रांजणवाडीने दाखवली. गोळ्या सुरू झाल्या. शेंगाचटणी-भाकरी चालू आहे, चहातली साखर गेली.

पोरांना सारखी येत असेल तर चष्म्याचा नंबर तपासा. नीट दिसत नसलं की पोरं डोळे चोळतात, आणि मळक्या हाताने चोळलं की झालंच.

वय झालेल्यांसाठी एक गोष्ट वेगळी आहे. साठीपुढच्या माणसाला पापणीवर त्याच जागी पुन्हा पुन्हा गाठ येतेय, काढली तरी परत येतेय, तिथले पापणीचे केस गळतायत, तर ती साधी गाठ समजून शेकत राहू नका. क्वचित तेलग्रंथीचा कर्करोग असाच दिसतो. तिचा तुकडा काढून तपासून घ्यायला सांगा, डॉक्टर विसरले तर आपण सांगायचं. मागच्या दिवाळीनंतर आत्यांना डाव्या खालच्या पापणीवर दुसऱ्यांदा गाठ आली तेव्हा मी हट्टाने तुकडा तपासायला लावला. आठ दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. रिपोर्ट साधा आला. लवंग उगाळणं आत्यांनी त्या दिवसापासून बंद केलंय. बोट मात्र अजून घासतात, आणि घासायच्या आधी हात धुतात का ते बघायला मी उभी राहते.